पेन्सिल, खोडरबर आणि कोचची वंशावळ: आयोवात नव्यानं आलेल्यांनी फुटबॉल कसा वाचावा

दर ऑगस्टमध्ये मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. सीडर रॅपिड्सला किंवा आयोवा सिटीला कुणीतरी नवं आलेलं असतं. पुण्याचं, नाशिकचं, मागच्या खेपेला तर थेट इचलकरंजीचं. डाळ-तांदूळ कुठं मिळतात, ड्रायव्हिंग लायसन्स कसं काढायचं, हे विचारून झालं की आवाज जरा खाली येतो. "दादा, सोमवारी ऑफिसात सगळे त्या फुटबॉलवरच बोलतात. आपण नुसतं हसत बसायचं का? नियम शिकायचे तरी कुठून?"

नियमांचं टेन्शन घेऊ नका. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर चौथ्या प्रयत्नाला बॉल लाथेनं लांब मारून समोरच्याला देऊन टाकायचा. त्या लाथेला पंट म्हणतात. पहिल्या सीझनला एवढं पुरतं, बाकीचं बघता बघता येतं. नुसत्या बघण्यानं येत नाही ती दुसरीच गोष्ट: हे लोक शनिवारी नेमकं कुणाला बघायला जातात. ते कळायला मला अकरा वर्षं लागली. तुमची वाचावीत म्हणून हा खटाटोप.

मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. शिवाजी तरुण मंडळ विरुद्ध पाटाकडील तालीम अशी मॅच असली की शाहू स्टेडियमवर घसा बसेस्तोवर ओरडलेला. त्यामुळं फुटबॉल आपल्याला कुणी शिकवायचा नाही, अशा गुर्मीत २००४ साली इथं उतरलो. आयोवा विद्यापीठाच्या किनिक स्टेडियमला पहिल्यांदा गेलो तेव्हा हातात बॉल धरून पळणारी माणसं बघून वाटलं, ह्याला फुटबॉल म्हणतात होय? तासाभरात कंटाळलो. शेजारी मात्र आमच्या कोरलव्हिलच्या घराला कुंपण लागून असलेले म्हातारबुवा बसले होते. निवृत्त शेतकरी, मक्याची सारी हयात. १९७९ पासून त्यांच्याकडं सीझन तिकीट. त्यांच्या शर्टाच्या खिशात बियाणं विकणारे वाटतात तसली छोटी वही होती. गेम चालू असताना ते तीत काहीतरी खरडत होते. मला वाटलं स्कोअर. डोकावून बघितलं तर नुसती नावं, आणि नावांना जोडणाऱ्या रेघा. आपल्याकडं घरातल्या जुन्या वहीत वंशावळ असते ना, तशी.

तर पहिलं काम: अशी एक वही घ्या.

खेळाडू नव्हे, कोच पाठ करा

व्यावसायिक संघात एखादा खेळाडू पंधरा वर्षं राहू शकतो. कॉलेजात त्याला साधारण चार सीझन मिळतात. तुम्ही त्याचं नाव नीट उच्चारायला शिकेपर्यंत तो निघालेला असतो. मग टिकतं काय? रंग, मैदान आणि कोच. त्यातही कोचच बोलतो, चुकतो, म्हातारा होतो, म्हणून माणसं त्याला धरून राहतात. तालमीत वस्ताद असतो, तसा.

आयोवात हे पाठांतर सोपं आहे. १९७९ पासून हेड कोच दोनच: हेडन फ्राय, १९९८ पर्यंत, आणि १९९९ पासून कर्क फेरेन्ट्झ. तेवढ्या काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष किती झाले ते मोजून बघा, म्हणजे इथल्या माणसाचा अभिमान कुठून येतो ते कळेल. फ्रायनी १४३ गेम जिंकले. फेरेन्ट्झनी तो आकडा १ सप्टेंबर २०१८ ला ओलांडला. सप्टेंबर २०२५ मध्ये तर २०६ वा विजय घेऊन त्यांनी ओहायो स्टेटच्या वूडी हेज यांना मागं टाकलं. बिग टेन म्हणजे आपल्या ह्या गटात, एवढे विजय आता दुसऱ्या कुणाचे नाहीत. हे दोन आकडे सोमवारी ऑफिसात टाकून बघा, कॉफी तुम्हाला कुणीतरी पाजेल.

मग रेघा ओढा

वहीच्या मधोमध फ्राय लिहा. हा आपला मूळ पुरुष. टेक्ससचा माणूस, मानसशास्त्राचा पदवीधर. तो आला तेव्हा आयोवाला १९६१ नंतर पराभवांपेक्षा विजय जास्त असा एकही सीझन मिळालेला नव्हता. त्याचीही पहिली दोन वर्षं हरण्यातच गेली. १९८१ ला संघ थेट रोझ बोल ह्या मानाच्या गेमला पोचला. तिथं सपाटून मार खाल्ला, पण पोचला.

फ्रायच्या खाली त्याच्या हाताखालची माणसं लिहा. ह्याला हे लोक कोचिंग ट्री म्हणतात. आपण घराणं म्हणू, कारण गोष्ट तीच आहे: गंडा कुणाचा बांधला, तालीम किती वर्षं, आणि बाहेर पडल्यावर गाणं कुणासारखं येतं. बिल स्नायडर, फ्रायचा आक्रमणाचा कोऑर्डिनेटर, १९८९ ला कॅन्सस स्टेटला गेला. तो संघ आधीच्या दोन वर्षांत एकही गेम जिंकलेला नव्हता. आज तिथल्या स्टेडियमला स्नायडरच्या घराण्याचं नाव आहे. बॅरी अल्वारेझ मध्ये नोत्र दामला थांबून १९९० ला विस्कॉन्सिनला गेला आणि त्यानं तीन रोझ बोल जिंकले. बॉब स्टूप्स हा फ्रायचा खेळाडू. त्यानं ओक्लाहोमाला २००० सालचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. ब्रेट बिलेमाही फ्रायचा खेळाडू. अल्वारेझनंतर विस्कॉन्सिन त्यानं चालवलं, आता इलिनॉयला आहे. आयोवाविरुद्ध उभा राहतो तेव्हाही त्याच्या पोटरीवर टायगरहॉक ह्या आयोवाच्या चिन्हाचं गोंदण असतंच. ह्याला निष्ठा म्हणायचं की तारुण्यातली चूक, तुमचं तुम्ही ठरवा.

आणि कर्क फेरेन्ट्झ. १९८१ ते १९८९ फ्रायच्या हाताखाली ऑफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे बॉल फेकणाऱ्याच्या पुढं उभ्या पाच जणांचा, कोच. मग मेन राज्यात हेड कोच, मग क्लीव्हलंड आणि बाल्टिमोरच्या व्यावसायिक संघांत. १९९८ च्या शेवटी परत घरी.

नावाशेजारी तीन गोष्टी टिपायची सवय लावा: आला कधी, कुणाच्या शब्दावर आला, गेला का. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. फिल पार्कर १९९९ ला आला, २०१२ पासून बचावाचा कोऑर्डिनेटर आहे. त्याच्याआधी त्या जागेवर नॉर्म पार्कर होता. दोघांचं नातं काही नाही, नुसता आडनावाचा योग. १९९९ पासून म्हणजे बचाव दोनच माणसांनी सांभाळला. दुसऱ्या कॉलेजांत तेवढ्या काळात हेड कोचच पाच-सहा होऊन जातात.

वाईट वर्षं आधी वाचा

नवा माणूस नेहमी विजेतेपदांची यादी बघतो. ती बाजूला ठेवा. कुठल्याही कॉलेजची निष्ठा जोखायची तर त्यांचं सगळ्यात वाईट वर्ष काढा आणि पुढच्या वर्षी कोण जागेवर होतं ते बघा.

फ्राय निवृत्त झाले तेव्हा बऱ्याच लोकांच्या मनात बॉब स्टूप्स होता. आपलाच पोरगा, तरुण, गाजलेला. तो ओक्लाहोमाला गेला. आले ते फेरेन्ट्झ, आणि १९९९ ला निकाल लागला एक विजय, दहा पराभव. २००० ला तीन विजय, नऊ पराभव. त्याच वर्षी तिकडं स्टूप्स एकही गेम न हरता राष्ट्रीय विजेता झाला. कल्पना करा इथल्या कॉफीच्या दुकानांत काय बोलणं चालत असेल. म्हातारबुवांच्या वहीत त्या दोन वर्षांच्या पानांवर हेड कोच आणि दोन्ही कोऑर्डिनेटरांची नावं आहेत तशीच आहेत. २००२ ला तोच संघ गटात आठपैकी आठ जिंकला.

आता माझी फजिती ऐका. २०१४ चा सीझन रडतखडत संपला, जानेवारीत टेनेसीनं ४५–२८ धुतलं. मी अंगणात उभा राहून जाहीर केलं, "ह्या फेरेन्ट्झ म्हाताऱ्यात आता राम राहिला नाही." आणि सीझन तिकिटं सोडून दिली. बायको म्हणाली, थांबा एक वर्ष. ऐकतोय कोण! २०१५ ला आयोवा बारापैकी बारा जिंकली. मी घरात सोफ्यावर. म्हातारबुवा एका शब्दानं बोलले नाहीत. दर रविवारी सकाळी कुंपणापाशी यायचे, वही उघडून पान माझ्यापुढं धरायचे, बंद करायचे, आणि टोमॅटोला पाणी घालायला जायचे. बारा रविवार. शेवटी गटाच्या विजेतेपदाच्या गेमला मिशिगन स्टेटनं १६–१३ हरवलं, तेव्हा मात्र मीच त्यांच्याकडं जाऊन बसलो. तिकिटं परत मिळाली ती आधीपेक्षा वीस रांगा वर.

बॉलकडं बघू नका

दुर्बीण न्या. बॉल फेकणाऱ्याला टीव्ही दाखवतोच. तुम्ही त्याच्या पुढं वाकून बसलेले पाच जाडजूड गडी बघा. फेरेन्ट्झ मुळात त्यांचा कोच, त्यामुळं घराण्याची गायकी तिथं ऐकू येते. बॉल सुटला की पाचही जण एकाच दिशेला पहिलं पाऊल टाकतात, तिरकं, आखूड, लेझीम पथकाचं पडावं तसं. समोरचा माणूस कोण आहे हे न बघता आपल्या वाट्याची जागा धरायची. शेजारचे दोघं मिळून एकाला रेटतात, मग त्यातला एक हळूच सुटून मागच्या बचावाच्या गड्यावर, लाइनबॅकरवर, जातो. बॉल घेऊन पळणारा तिरका पळत राहतो आणि फट दिसली की एकदाच कापतो. ह्याला आउटसाइड झोन म्हणतात. १९९९ पासून हेच चाललंय. पोरं बदलली, ते पाऊल नाही. एकदा डोळा बसला की पन्नासाव्या रांगेतूनही कुणाचं पाऊल चुकलं ते कळतं, आणि ते कळायला लागलं की तुम्ही इथले झालात.

जागेवर माणसं टिकली की हे असं घडतं. वर्षाला कोच बदलणाऱ्या कॉलेजात पोरगा तीन वर्षांत तीन भाषा शिकतो. इथं एकच शिकतो, म्हणून स्कॉलरशिप नसलेला, आपल्या खर्चानं आलेला वॉक-ऑन डॅलस क्लार्कसुद्धा २००२ पर्यंत देशातला उत्तम टाइट एंड, म्हणजे रेटणारा आणि बॉलही झेलणारा गडी, ठरतो.

दुसरी बाजूही सांगतो. कधीकधी हे बघणं म्हणजे शिक्षा असते. ३ सप्टेंबर २०२२, साउथ डकोटा स्टेट. आयोवा ७–३ जिंकली. सात म्हणजे एक टचडाउन, बॉल समोरच्याच्या टोकाच्या हद्दीत नेल्याचे सहा आणि वरचा एक, असं कुणालाही वाटेल. नाही. एक फील्ड गोलचे, म्हणजे बॉल लाथेनं खांबांमधून मारल्याचे, तीन आणि दोन सेफ्टींचे, म्हणजे समोरच्याला त्याच्याच टोकाच्या हद्दीत पाडल्याचे, दोन-दोन. टचडाउन एकही नाही. सगळ्यात जास्त टाळ्या पंटरला, मेलबर्नहून आलेल्या टोरी टेलरला. ‘पंटिंग इज विनिंग’ असे टीशर्ट लोक घालतात, आणि विनोद म्हणून घालत नाहीत.

स्टेडियममध्ये कुठली गोष्ट कुणाची

संघ मैदानात पळत येत नाही. सगळे एकमेकांचे हात धरून, गर्दी करून, सावकाश चालत येतात. ह्याला स्वॉर्म म्हणतात. ती फ्रायची. हेल्मेटवरचं टायगरहॉक, काळा-सोनेरी पोशाख, तेही फ्रायनं आणलं, पिट्सबर्ग स्टीलर्ससारखं दिसावं म्हणून. जो हरत आलाय त्यानं निदान जिंकणाऱ्यासारखं दिसावं, असं त्याचं गणित. पाहुण्यांची कपडे बदलायची खोली गुलाबी आहे, तीही त्याचीच करामत. त्या रंगानं माणूस ढिला पडतो असं त्यानं वाचलं होतं. ह्या खोलीवर बायकांना हिणवणारी म्हणून टीका झाली आहे, आणि मला ती पटते. म्हातारबुवांना पटत नाही. आम्ही तो विषय काढत नाही.

हेल्मेटवर ‘एएनएफ’ असं गोल स्टिकर दिसेल. १९८५ साली इथं शेती बुडत होती, कर्जं थकली होती, जमिनी लिलावात जात होत्या. संघ त्या वर्षी देशात पहिल्या क्रमांकावर होता, म्हणजे सगळ्या देशाचे कॅमेरे आयोवावर. फ्रायनी पोरांच्या डोक्यावर ‘अमेरिकेला शेतकरी हवेत’ अशा अर्थाचं ते स्टिकर लावलं. म्हातारबुवांनी त्या काळात ऐंशी एकर विकली. ते स्टिकर त्यांच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये अजून आहे. कोचवर जीव का टाकतात, हे मला विजेतेपदांच्या यादीतून कधी कळलं नव्हतं. त्या शेडमध्ये कळलं.

पहिला क्वार्टर संपला की उठून उभे राहा आणि मैदानाकडं पाठ झाली तरी चालेल, पण शेजारच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलकडं बघून हात हलवा. वरच्या मजल्यांच्या काचांमागं आजारी मुलं असतात, ती हात हलवतात. २ सप्टेंबर २०१७ ला, वायोमिंगविरुद्धच्या गेमला हे सुरू झालं, आणि ही कल्पना कोचची नाही, एका चाहतीची. तेव्हा फोन खिशात ठेवा.

नोव्हेंबरात पायाखाली टाकायला पुठ्ठा न्या. थंडी खालच्या सिमेंटातून येते, जाकीट कितीही भारी असलं तरी.

निष्ठेची किंमतही त्याच वहीत लिहा

हे इथले बरेच जण टाळतात. तुम्ही टाळू नका.

फेरेन्ट्झच्या पहिल्या दिवसापासून व्यायामाचा कोच एकच होता, ख्रिस डॉइल. एकवीस वर्षं. जून २०२० मध्ये जुने कृष्णवर्णीय खेळाडू एकामागून एक बोलायला लागले: आम्हाला कसं वागवलं, कसं बोललं गेलं, ‘आयोवाची पद्धत’ म्हणजे आम्ही आमच्यासारखं असायचंच नाही, असा अर्थ कसा होता. डॉइलनं आरोप नाकारले. सुमारे अकरा लाख डॉलरच्या तडजोडीनं तो गेला. बाहेरच्या वकिलांच्या अहवालानं म्हटलं की इथल्या नियमांतून वांशिक आणि सांस्कृतिक पूर्वग्रह जपले गेले. बारा माजी खेळाडूंचा दावा २०२३ मध्ये ४१ लाख ७५ हजार डॉलरवर मिटला. मी तेव्हा स्वतःला विचारलं: एकवीस वर्षं इथं फार कुणी बदललं नाही, ह्याचा मी अभिमान मिरवत होतो, आणि त्याच न बदलण्यात ही पोरं गुदमरत होती. तालमीत वाढलेल्या माणसाला हे नवीन नाही. वस्तादापुढं बोलायची सोय नसते.

दुसरी नोंद घरातलीच. ब्रायन फेरेन्ट्झ, कर्कचा मुलगा, २०१७ पासून आक्रमणाचा कोऑर्डिनेटर. नातेवाइकाला वरिष्ठ नेमता येत नाही म्हणून कागदोपत्री त्याचा साहेब वडील नव्हे, विद्यापीठाच्या सगळ्या खेळांचा प्रमुख, अॅथलेटिक डायरेक्टर. २०२३ च्या करारात अट घातली गेली: गेममागं सरासरी २५ गुण काढा. सरासरी पडली पंधराच्या आसपास. ऑक्टोबरच्या अखेरीस जाहीर झालं की सीझननंतर तो नसेल, तरीही त्यानं उरलेले गेम वडिलांच्या संघाबरोबर राहून पुरे केले. गंमत बघा, त्याच सीझनला आक्रमण यार्डांत देशात शेवटचं आणि फिल पार्करला देशातल्या उत्तम सहायक कोचचा ब्रॉइल्स पुरस्कार. संघ दहा गेम जिंकला. एकाच घरात एका बाजूला मुरलेलं लोणचं, दुसऱ्या बाजूला नासलेलं दूध.

आता नियम बदललेत

२०२१ पासून खेळाडू एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलू शकतो, आणि स्वतःच्या नावावर पैसेही मिळवू शकतो. जुलै २०२५ पासून कॉलेजंच खेळाडूंना थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरची मर्यादा. पूर्वी पोरगा कोचवर रुसून बसायचा, आता निघून जातो. काही लोक म्हणतात निष्ठा संपली. मला तसं वाटत नाही. पोराला आधी जायची सोयच नव्हती, तिला निष्ठा कशाला म्हणायचं? जाता येत असून राहिला, त्याच्या नावापुढं मी वहीत फुली मारतो. डिसेंबर-जानेवारीत, गेम नसताना, ती फुल्यांची यादी बघायची. पुढच्या सीझनचा अंदाज वर्तमानपत्रापेक्षा तिथून बरा येतो.

वही कशी ठेवायची त्याचा म्हातारबुवांचा नियम एकच: झालेलं शाईनं, होणारं पेन्सिलीनं. फेरेन्ट्झ १९५५ चे. त्यांचा करार २०२९ पर्यंतचा आहे. त्यांच्यानंतर कोण, हा इथं प्रत्येक टेलगेटला, म्हणजे गेमआधी स्टेडियमबाहेर जमणाऱ्या पार्टीला, आणि प्रत्येक लग्नात निघणारा विषय. मागच्या हिवाळ्यात मी म्हातारबुवांना विचारलंच. त्यांनी वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि माझ्या हातात दिलं. वर फेरेन्ट्झ, शाईनं. खाली एक रेघ. रेघेच्या खाली इतक्या वेळा पेन्सिलीनं लिहून खोडलं होतं की कागद पातळ होऊन पलीकडचा उजेड दिसत होता. निरखून बघितलं तर एक नाव पुसूनही उमटलेलं होतं, ब्रायन. त्यांनी वही परत घेतली, चष्मा पुसला आणि पेन्सिलीला टोक करायला लागले.